हातावरचं मीठ

बेबियानं बरणीत बोटं घातली, चिमूटभर मीठ काढलं आणि मला हात पुढे करायची खूण केली. माझा हात काही पुढे जाईना.

माझं आजोळ शिरोड्याचं. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, मिठागरांच्या बांधाला लागून घर. पडवीत मिठाच्या गोणी उभ्या असायच्या, पण त्या घरात मीठ कुणी कुणाच्या हातावर ठेवत नसे. वाटीतून द्यायचं, नाहीतर खाली ठेवायचं आणि दुसऱ्यानं उचलून घ्यायचं. “मीठ हातार घेव नये गो, झगडा जाता,” आजी म्हणायची. आजीला जाऊन तीस वर्षं झाली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगतही असते. तरी काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशसच्या पार पोटात, सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या उश्गुली गावात, पत्र्याच्या चुलीपुढे उभ्या असलेल्या म्हातारीनं मीठ पुढे केलं आणि माझी मूठ आपोआप मिटली.

“मावशी, घे ना. ती थांबलीय,” भाची कुजबुजली.

घेतलं. तळव्यावर पडलं ते मीठ पांढरं नव्हतंच. विटकरी-पिवळट, जरासं ओलसर, आणि नाकाशी नेण्याआधीच वास येणारं. जिभेवर आधी लसूण आली, मग धने, मग शेपूच्या बियांचा तो भाजीतही सगळ्यांना न आवडणारा वास, मग ओळखीची पण नीट न ओळखता येणारी अशी एक कडवट गोडी. खारटपणा सगळ्यांच्या मागून आला, लग्नात वरबाप मागून येतो तसा.

ह्याला ते ‘स्वानुरी मारिली’ म्हणतात. मारिली म्हणजे मीठ. स्वानुरी म्हणजे स्वानेतीचं. उत्तर जॉर्जियातला हा डोंगराळ मुलूख म्हणजे स्वानेती, आणि इथली माणसं स्वान. बेबियानं मग एकेक डबा उघडून दाखवला. धने आणि शेपूचं बी मी सांगितलंच. रानातून आणलेलं शहाजिरं. सुकी लाल मिरची. ती न ओळखलेली गोडी होती निळ्या फुलांच्या मेथीची. जॉर्जियन लोक तिला ‘उत्स्खो सुनेली’ म्हणतात, म्हणजे परका सुगंध. आणि शेवटच्या डब्यात पिवळीधमक भुकटी. हळद असेल म्हणून मी बोट बुडवलं, तर तो झेंडू निघाला. वाळवून दळलेल्या पाकळ्या. दसऱ्याला आपण दारावर बांधतो, गाडीच्या बॉनेटवर लावतो, दुसऱ्या दिवशी झाडून टाकतो तो झेंडू ही माणसं मिठात घालून खातात. माझ्या मसाल्याच्या डब्यातले निम्मे नातेवाईक मला परदेशात, वेगळ्या नावांनी, वेगळ्या कामाला लागलेले भेटत होते.

“इतकं सगळं का घालतात?” मी विचारलं. भाचीनं तिच्या मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये विचारलं. बेबियानं उत्तर दिलं ते इतकं लहान होतं, की भाचीला वाटलं आपल्याला प्रश्नच नीट विचारता आला नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

“ती म्हणते, मीठ नव्हतं म्हणून.”

*

भाची तिबिलिसीला डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची पुष्कळ मुलं आता तिकडे जातात. पुढे रुग्णांशी बोलायला लागतं म्हणून त्यांना थोडी जॉर्जियन शिकवतात. तेवढ्या शिदोरीवर तिनं मला चार दिवस डोंगरातून चालवत आणलं होतं. पहिला धडा तिनं मला विमानतळावरच दिला : इथं वडलांना ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. बेबिया म्हणजे आजी. “पप्पा इथं आले तर त्यांना मामा म्हणायचं, आणि आपल्या मामाला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही,” ती म्हणाली. नमस्काराच्या जागी ‘गामरजोबा’, ज्याच्या मुळाशी विजय आहे. शेकडो वर्षं अरब, मंगोल, इराणी, तुर्क, रशियन असे कुणी ना कुणी दाराशी उभे राहिलेल्या देशात माणसं एकमेकांना दुसरं काय चिंतणार?

मला मात्र त्यांचे आकडे आवडले. चाळीसला ते म्हणतात दोन वीस, साठला तीन वीस, ऐंशीला चार वीस. शिरोड्याला आजी नारळ असेच मोजायची, विसांनी. “तीन विसा नि सात” म्हणजे सदुसष्ट. शाळेत आम्हाला शंभरापर्यंतचे पाढे येत होते म्हणून आम्ही तिला हसायचो. बेबियानं तिचं वय सांगितलं आणि भाची मनातल्या मनात गणित करत राहिली, तेव्हा मीच तिला मदत केली : चार विसा नि तीन.

पण बेबियाची खरी भाषा ही नव्हतीच. ती फोनवर मुलाशी बोलली, गाईवर ओरडली, चुलीला काहीतरी पुटपुटली, तेव्हा भाचीचा चेहरा माझ्याइतकाच कोरा झाला. ती स्वान भाषा. जॉर्जियनची बहीण, पण इतक्या जुन्या काळी वेगळी निघालेली, की आता दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नाही. जॉर्जियनला पंधराशे वर्षांची सुंदर वळणदार लिपी आहे, स्वान घरातच राहिली. शाळा जॉर्जियनमध्ये, चर्चमध्ये जॉर्जियन, कोर्टकचेरी जॉर्जियन. स्वान फक्त चुलीपाशी, गोठ्यात आणि भांडणात. मालवणीतून आजी आणि मराठीतून शाळा असं लहानपण गेलेल्या मला ह्यातलं काही समजावून सांगायला नको होतं. मिठाला स्वान भाषेत काय म्हणतात, हे मी बेबियाला विचारलं. ती म्हणाली, “जिम.”

हा शब्द मला आधीपासून माहीत होता. कुठून, ते पुढे सांगते.

*

उश्गुलीला आम्ही पायी आलो. तशी गरज नाही. झुगदिदी शहराहून मार्शरुत्का, म्हणजे आपली वडाप, मेस्तियापर्यंत येते. वाटेत एंगुरी नदीवरचं २७१.५ मीटर उंचीचं धरण लागतं. गाडी थांबते, सगळे फोटो काढतात, ड्रायव्हर सिगारेट ओढतो. मेस्तियाहून उश्गुलीपर्यंत साधारण ४५ किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो आता बराचसा काँक्रीटचाही झाला आहे. पण सह्याद्रीत उभा जन्म काढलेल्या बाईला गाडीनं डोंगरातल्या गावी जाणं म्हणजे जिन्यानं न जाता लिफ्टनं गच्चीवर जाण्यासारखं वाटतं. पोचतो, पण चढलेलो नसतो. चार दिवस, चार मुक्काम, पंचावन्न-साठ किलोमीटर.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. आदिशी गावाहून निघालो. आदिशी म्हणजे दहावीस घरं, त्यातली कित्येक पडलेली, छपरं आत कोसळलेली, भिंतींतून चिडवं उगवलेलं. ‘चिडवं’ हा आजीचा शब्द. कुठलंही नको असलेलं गवत. गावाच्या वर नदीच्या उगमाशी हिमनदी आहे. ती दुपारी उन्हानं वितळते आणि नदी फुगते, म्हणून सकाळी लवकर ओलांडायची. पूल नाही. काठावर गावातले दोन पोरगे घोडे घेऊन उभे असतात, माणशी काही लारी, म्हणजे तिथलं चलन, घेतात आणि पलीकडे सोडतात. माझ्या घोड्यानं मध्यावर थांबून शांतपणे पाणी प्यायलं. खाली राखाडी, धावतं, हाडं गोठवणारं पाणी आणि वर मी, दोन्ही हातांनी त्याची आयाळ धरलेली. पोरगा काठावरून ओरडत होता. काय ओरडत होता ते मला कळलं नाही. घोड्याला कळलं असावं, पण त्यानं दाद दिली नाही.

पलीकडे उतरल्यावर मी पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. ही माझी समुद्रकाठची खोड; कुठलंही पाणी दिसलं की जिभेला लावून बघायचं. अळणी. नुसतं गोडं नव्हे, अळणी. पावसाच्या पाण्यालासुद्धा कौलांची, पन्हळीची चव असते. ह्याला काहीच नाही. कालपर्यंत बर्फ होतं, त्याला अजून जमिनीची ओळखच झालेली नाही.

मग अडीच हजार मीटरच्या वरची खिंड. तिथं पाठ टेकून बसलो की समोर आदिशीची हिमनदी कड्यावरून तुटत तुटत खाली येताना दिसते, आणि मधूनच दूरवर धडधड ऐकू येते. पलीकडे उतरताना खाल्दे लागतं. आता दोन-चार घरं आणि पडलेले मनोरे. १८७६ मध्ये रशियाच्या झारच्या फौजेनं तोफा लावून हे गाव उद्ध्वस्त केलं. हा वरचा मुलूख ‘स्वतंत्र स्वानेती’ म्हणवला जायचा; इथं कुणी सरदार नव्हता, कुणाला सारा द्यायचा नव्हता. जमीन मोजायला माणसं आली, आता कर लागणार अशी हवा उठली आणि एवढ्याशा गावानं साम्राज्याशी भांडण काढलं. आम्ही तिथं दही खाल्लं. ज्या घरात खाल्लं तिथल्या बाईला खाल्देच्या उठावाबद्दल विचारावंसं वाटलं, पण ती मोबाइलवर कुणाशी तरी गवताच्या भावावरून वाद घालत होती, आणि ते भांडण जास्त ताजं होतं.

*

आता मनोऱ्यांबद्दल बोलायला हवं, कारण स्वानेतीचं कुठलंही चित्र त्यांच्याशिवाय पुरं होत नाही, आणि त्यांच्याकडे पाहून सगळ्यांचं जे होतं ते माझंही झालं : घसा दाटून आला, फोन बाहेर निघाला. उश्गुली म्हणजे चार वाड्या. मुर्कमेली, चाझाशी, चविबियानी, झिबियानी. सगळ्यांतून राखाडी दगडाचे चौकोनी मनोरे उभे, वर जरा निमुळते होत गेलेले, माथ्यावर छज्जा. मागं घळीच्या टोकाला श्खारा, पाच हजार मीटरच्या वरचं, जॉर्जियातलं सगळ्यात उंच शिखर. शिखर नव्हे, भिंत. त्या भिंतीपलीकडे रशिया. युनेस्कोनं १९९६ मध्ये ह्यातली चाझाशी जागतिक वारसा म्हणून नोंदवली.

बहुतेक मनोरे नवव्या ते बाराव्या शतकातले मानतात. तीन ते पाच मजले, वीस-पंचवीस मीटर उंच. दार जमिनीवर नाही, वरच्या मजल्याला. शिडी लावून चढायचं आणि शिडी आत ओढून घ्यायची. मी सह्याद्रीतले शंभरएक किल्ले पाहिलेत. त्यातल्या प्रत्येकावर कुणीतरी कुणाच्या तरी वतीनं राहत होतं. किल्ला राजाचा, किल्लेदार चाकर. इथं प्रत्येक घराचा आपापला किल्ला. शत्रू नेहमी खिंडीतूनच येत नसे; कधी तो पलीकडच्या गल्लीतून यायचा. खुनाचा बदला खून, मग त्याचा बदला, असं पिढ्यान्‌पिढ्या चालायचं, आणि घरातले पुरुष महिनोन्‌महिने ह्या दगडी नळकांड्यात बसून असायचे. संध्याकाळच्या उन्हात मनोरे सोनेरी होतात तेव्हा हे विसरायला होतं. पण तो डौल भीतीचा आहे. इतकी उंच, इतकी सुबक, हजार वर्षं टिकणारी भीती मी दुसरीकडे पाहिली नाही.

त्यांचं जुनं घर त्या मानानं मला फार जवळचं वाटलं. ‘माचुबी’ म्हणतात त्याला. मेस्तियात एक बघायला ठेवलं आहे. एकच मोठी खोली, मध्ये चूल, आणि भिंतीलगत कोरीव लाकडी कमानींचे गोठे. गुरांची तोंडं आत, घराकडे. हिवाळ्याचे सहा महिने माणसं आणि गुरं एकमेकांकडे बघत काढायची. गुरांच्या अंगाची ऊब माणसांना, चुलीची गुरांना. चुलीच्या वर छताला एक जड पाटी टांगलेली, ठिणग्या वर जाऊ नयेत म्हणून. घरातल्या कर्त्याची कोरीव खुर्ची चुलीसमोर. मी मनातल्या मनात तिथं आजीला बसवून पाहिलं. तिनं बसल्या बसल्या गाईंना नावं ठेवली असती.

‘दुर्गम’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. दुर्गम भागातली शाळा, दुर्गम खेडी. त्यात ‘दुर्ग’ही आहे, हे लक्षात येत नाही. जिथं जाणं अवघड, तोच दुर्ग. खालच्या जॉर्जियावर आक्रमणं झाली की चर्चमधले सोन्याचांदीचे क्रूस, पवित्र चित्रं, हस्तलिखितं माणसं पाठीवर घालून ह्या डोंगरात आणून ठेवत. स्वानेती म्हणजे सगळ्या देशाची माजघरातली कपाटं. मेस्तियाच्या संग्रहालयात आदिशीहून आलेलं बायबलमधल्या शुभवर्तमानांचं एक हस्तलिखित आहे, इसवी सन ८९७ मधलं. जिथं माझा घोडा पाणी पीत उभा राहिला, त्या गावानं हे चामड्याच्या पानांचं पुस्तक कित्येक पिढ्या सांभाळलं. त्या गावाला दुर्गम म्हणावं की सुरक्षित, हे आपण खाली उभे आहोत की वर, ह्यावर ठरतं.

फक्त सुरक्षित जागेत सोनं ठेवता येतं. मीठ तिथं कुणी ठेवायला येत नाही.

*

‘जिम’ हा शब्द मी पुण्यात ऐकला होता, किंवा खरं तर वाचला. एका फिल्म क्लबमध्ये, अंधारात, डुगडुगत्या खुर्चीवर. मिखाईल कलातोझोवचा ‘सॉल्ट फॉर स्वानेतिया’. स्वान नाव ‘जिम श्वांते’. १९३० चा मूकपट, तासाभराचाही नाही, आणि चित्रीकरण इथं, उश्गुलीत. पुढं ह्याच कलातोझोवला ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’साठी कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९३० मध्ये मात्र तो विशीत होता आणि सोवियत सरकारला हवा तसा चित्रपट करत होता : मागासलेलं गाव, अंधश्रद्धा, जुलूम, आणि शेवटी रस्ता खणणारे हात. त्यातलं कितीतरी रचून घेतलेलं आहे हे उघड दिसतं. पण प्रचारपटातही कॅमेरा कधी कधी खरं बोलून जातो. त्यातली गुरं मला वीस वर्षं विसरता आली नाहीत. गवताला मीठ नाही, पाण्याला मीठ नाही, म्हणून माणसाच्या घामासाठी आसुसलेली, जीभ काढून पुढं येणारी गुरं.

चित्रपटाचं साल वाचून मी तेव्हाच चमकले होते. १९३०. त्याच वर्षी ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं आणि मे महिन्यात सत्याग्रही शिरोड्याच्या मिठागरांत शिरले. आजी तेव्हा दहा वर्षांची. तिला त्यातलं आठवायचं ते एवढंच : लाठ्या, धावणारी माणसं, आणि एका मुलाच्या टोपीत भरलेलं ओलं मीठ, ज्याचं पाणी त्याच्या कानावरून ओघळत होतं. आजी हे सांगताना नेहमी कानाला हात लावायची. तिच्या दृष्टीनं सगळ्या स्वातंत्र्यलढ्याचं पाणी त्या कानावरूनच वाहिलं होतं.

म्हणजे एकाच वर्षी दोन जागी माणसं मिठासाठी उभी होती. एका ठिकाणी दाराशी मीठ होतं आणि ते उचलायला बंदी होती. दुसऱ्या ठिकाणी बंदी कसलीच नव्हती, फक्त मीठ नव्हतं. दोन्ही गोष्टी एकसारख्या नाहीत आणि मी त्या ओढून जुळवणार नाही. पण त्या अंधाऱ्या खोलीत बसून मला पहिल्यांदा वाटलं, की गाव किती दूर आहे हे किलोमीटरात मोजणं म्हणजे निव्वळ आळस आहे. तिथपर्यंत मीठ पोचायला किती दिवस लागतात, ते विचारावं.

शिरोड्याला मीठ पोचतच नसे. ते तिथं होतच होतं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, बांधात अडवायचं, एका खाचरातून दुसऱ्यात सोडायचं, ऊन द्यायचं. मग एके दिवशी पाण्यावर पातळ कवच धरायचं, सायीसारखं. भर दुपारी फावड्यांचा आवाज, पांढऱ्या राशी, डोळे उघडवत नाहीत असं चमकणं. आमच्या पायांना सतत भेगा. आमचं लहानपण इतकं खारट होतं, की मीठ ही वस्तू आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. ती हवा होती.

एंगुरी उश्गुलीच्या वर उगम पावते आणि २१३ किलोमीटर धावून काळ्या समुद्राला मिळते. अळणी पाणी खाली जाऊन खारट होतं. खारट काही वर चढत नाही. ते पाठीवरून आणावं लागायचं, खिंडीतून, बर्फ वितळल्यावर, परत पडायच्या आत. बेबिया तिच्या सासूचं सांगत होती. सासू मिठाचा दगड जात्याशेजारी बांधून ठेवायची आणि चव बघायला मुलांना तो फक्त चाटायला द्यायची, पाळीपाळीनं. “ती पाळी चुकवली म्हणून माझा नवरा त्याच्या भावाशी दोन वर्षं बोलत नव्हता,” बेबिया म्हणाली आणि हसून वाकली. मिठावरून भांडण होतं, ही आजीची समजूत इथं अगदी वेगळ्या वाटेनं खरी निघाली होती.

*

रात्री जेवायला ‘ताशमिजाबी’. उकडलेला बटाटा आणि चीज चुलीवर घोटत राहायचं, डाव वर उचलला की हातभर तार निघेपर्यंत. सोबत मक्याची भाकरी, आत चीज भरलेली, तिला ‘चविश्तारी’ म्हणतात. आणि मधोमध बशीत ते विटकरी मीठ. मांसाचं सारण भरलेली प्रसिद्ध ‘कुबदारी’ शेजारच्या टेबलावर दोन पोलिश मुलं खात होती. पाहुणा देवाकडून येतो, अशी जॉर्जियन म्हण आहे, आपल्यासारखीच. आता तो अ‍ॅपवरून येतो, न्याहारी धरून किती हे आधी विचारतो आणि जाताना चांदण्या देतो. भिंतीवर वायफायचा पासवर्ड चिकटवला होता. मला ह्यात वाईट काही वाटलं नाही. डोंगरातली माणसं गरीब आणि निरागस असावीत, म्हणजे आपल्याला तिथं जाऊन बरं वाटेल, ही अपेक्षा मला फार उद्धट वाटते.

पण हिवाळ्याबद्दल विचारलं तेव्हा बेबिया बोटांवर घरं मोजू लागली आणि तिला दुसरा हात फारसा लागला नाही. मुलगा खाली तिबिलिसीत, सून आणि नातवंडंही. जून ते सप्टेंबर सगळे वर येतात, पाहुणे करतात, ऑक्टोबरात उतरतात. १९८७ च्या हिवाळ्यात स्वानेतीत हिमकडे कोसळले, गावंच्या गावं गाडली गेली, माणसं मेली. त्यानंतर सरकारनं कितीतरी कुटुंबं मैदानात नेऊन वसवली. आदिशीची ती पडकी घरं त्यातलीच. माणसांनी मागं कुलूप लावलं होतं, पण छप्पर नसलेल्या घराच्या दाराला कुलूप बघणं फार विचित्र असतं. आमच्या आजोळच्या घरालाही आता कुलूपच आहे. चतुर्थीला आठ दिवस उघडतं. दरवर्षी कुलपात खोबरेल सोडावं लागतं.

“तू का नाही जात खाली?” भाचीनं विचारलं.

बेबियानं तिच्याकडे असं पाहिलं, की भाचीला पुन्हा आपल्या जॉर्जियनची शंका आली.

“गाय आहे ना,” बेबिया म्हणाली.

*

सकाळी निघताना श्खारावर ऊन आलं होतं आणि गावात अजून सावली. गवत कापून झालं होतं. उतारांवर गंज्या उभ्या. वरच्या टेकाडावरच्या लामारियाच्या चर्चकडे एक माणूस राखाडी टोपी घालून सावकाश चढत होता. मी रकसॅक अंगणातल्या भिंतीला टेकवून आत बूट घालायला गेले. बेबियानं वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली मिठाची पुडी माझ्या जॅकेटच्या खिशात स्वतः कोंबली. हातावर नाही. काल मी कशी घुटमळले ते तिनं पाहिलं असणार.

बाहेर आले तर गाय माझी रकसॅक चाटत होती. चार दिवसांच्या घामानं पट्ट्यांवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, मिठागराच्या बांधावर उमटतात तशाच, आणि ती डोळे मिटून, मान तिरकी करून, खरखरीत जिभेनं एकेक रेघ पुसून काढत होती. अंगणात तिच्यासाठी सपाट दगडावर जाडं मीठ ठेवलेलं होतं. त्याकडे तिचं लक्षही नव्हतं. भाचीनं फोन काढला. बेबिया काठी घेऊन धावली, स्वान भाषेत काहीबाही ओरडत, ज्यातला फक्त ‘जिम’ मला कळला.

मी तिला हातानं थांबवलं. मग गाईजवळ गेले, आणि तळवा उघडून तिच्यापुढे धरला.